सपाट शहरातील चढउतार : मद्रासच्या नोकरदाराची सायकल आणि तिचा अलिखित इतिहास

१.

सायकलीचा इतिहास लिहिला गेला आहे, पण तो बहुतांशी पराक्रमाचा इतिहास आहे. १९२३ च्या ऑक्टोबरात मुंबईहून काही पारशी तरुण सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे तिघे १९२८ च्या मार्चमध्ये प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. त्यांच्या प्रवासाचा वृत्तान्त पुस्तकरूपाने उपलब्ध आहे. याच काळात या देशातील शहरांतून सकाळी घराबाहेर पडून संध्याकाळी घरी परतणारे असंख्य कारकून, गिरणी कामगार, टपालवाले, दूधवाले आणि शिक्षक रोज पाच-सात मैलांची मजल मारीत होते. वीस-पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांतील प्रत्येकाने जेवढे अंतर कापले असेल, ते पृथ्वीच्या परिघाहून खचितच कमी भरणार नाही. रोज आठ मैल आणि वर्षाला तीनशे दिवस असा साधा हिशेब मांडला, तर अकराव्या वर्षीच ती प्रदक्षिणा पूर्ण होते. फरक इतकाच की या प्रवासाला आरंभ आणि शेवट नव्हता, त्यामुळे त्याला वृत्तान्तही नव्हता.

प्रस्तुत लेखाचा विषय हा वृत्तान्त नसलेला प्रवास आहे. त्याच्या विचारासाठी मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, हे शहर निवडण्यामागे काही कारणे आहेत. हे शहर सायकलीचा वापर करणारे होते, तसेच सायकली तयार करणारेही होते. ते सपाट असल्यामुळे येथील सायकलस्वाराच्या वाटेतील चढउतार निसर्गापेक्षा माणसानेच अधिक निर्माण केले. आणखी एक कारण मराठी अभ्यासाशी निगडित आहे. तमिळ देशाविषयी मराठी संशोधकांचे कुतूहल तंजावरच्या भोसले घराण्यापाशी आणि सरस्वती महालातील हस्तलिखितांपाशी सुरू होते व बहुधा तेथेच थांबते. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात इंग्रजी अमलातील कचेऱ्यांतून नोकरी करणारे तंजावरी मराठी, पुढच्या काळात सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी सांगली जिल्ह्यातून दक्षिणेकडे गेलेली कुटुंबे आणि त्यांच्या भोवतीचे सामान्य तमिळ नागरी जीवन यांकडे या कुतूहलाची दृष्टी क्वचितच वळली. सायकलीच्या निमित्ताने या नागरी जीवनाकडे पाहता येते.

२.

प्रथम शब्दांचा विचार करू. मराठीत या वाहनाला आरंभी ‘पायगाडी’ म्हणत आणि ‘दुचाकी’ असेही म्हणत. पायगाडी हा शब्द व्यवहारातून गेला. दुचाकी टिकला, पण त्याचा अर्थ बदलला. आजच्या मराठी वृत्तपत्रात ‘दुचाकीस्वार’ म्हटले की स्कूटर वा मोटारसायकल चालवणारा असाच बोध होतो. तमिळमध्ये ‘मिदिवंडी’ म्हणजे पायांनी रेटण्याची गाडी हा शब्द लिखित भाषेत अद्याप प्रतिष्ठित आहे, परंतु बोलण्यात तेथेही ‘सैक्किळ’च रुळला आहे. शब्दाच्या अर्थातून एखादी वस्तू निघून जाणे, ही त्या वस्तूच्या सामाजिक स्थानात झालेल्या घसरणीची एक विश्वसनीय खूण मानता येईल. दुचाकी या शब्दातून सायकल केव्हा वगळली गेली याचा शोध घेतला, तर मराठी मध्यमवर्गाने ती केव्हा सोडली याचाही अंदाज बांधता येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात सायकल मुंबई, मद्रास, कलकत्ता या बंदरांतून उतरली ती प्रथम साहेबांची आणि धनिकांची वस्तू म्हणून. पुढे वकील, डॉक्टर, शाळातपासनीस, पोलीस अधिकारी आणि मिशनरी यांच्याकडे ती आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत इंग्लंडहून येणाऱ्या सायकलींची संख्या वाढत गेली. १९३० नंतरच्या दशकात जपानी बनावटीच्या स्वस्त सायकली बाजारात आल्या आणि कनिष्ठ कारकुनाच्या मिळकतीच्या आवाक्यात ही वस्तू येऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे नियंत्रण आले, तेव्हा ज्यांच्याकडे मोटारी होत्या त्यांनाही सायकलीची आठवण झाली.

देशी उत्पादनाचा आरंभ स्वातंत्र्यापूर्वीच झाला होता. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता. तथापि उत्पादनाला खरा वेग आला तो स्वातंत्र्यानंतर. मद्रासच्या मुरुगप्पा समूहाने इंग्लंडमधील ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स या कंपनीच्या सहकार्याने १९४९ मध्ये टीआय सायकल्स ही कंपनी स्थापन केली. शहराच्या पश्चिमेस अंबत्तूर येथे तिचा कारखाना उभा राहिला आणि १९५१ मध्ये तेथून पहिली ‘हर्क्युलिस’ सायकल बाहेर पडली. पुढे ‘फिलिप्स’ आणि ‘बीएसए’ ही नावेही याच कारखान्याची म्हणून देशभर परिचित झाली. याच सुमारास बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियानाला हीरो हे कारखाने सुरू झाले. साहेबाच्या देशातून येणारी काळी, भक्कम, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल अशा रीतीने स्वदेशी झाली. मात्र तिच्या दांड्यावरची नावे दीर्घकाळ इंग्रजीच राहिली, कारण विलायती नावात टिकाऊपणाची हमी आहे अशी ग्राहकाची समजूत होती.

३.

सायकल नोकरदाराला का हवी होती, याचे उत्तर शहराच्या रचनेत आणि घड्याळात शोधावे लागते. मुंबईच्या गिरणगावात कामगाराची चाळ आणि गिरणी यांच्यातील अंतर बहुधा पायी चालण्याचे होते. गिरणीचा भोंगा चाळीतल्या खोलीत ऐकू येत असे. लांबून येणाऱ्यास ट्राम आणि लोकल होती. त्यामुळे मुंबईच्या कामगारजीवनात सायकलीला केंद्रस्थान कधीच मिळाले नाही. मद्रासची घडण निराळी होती. हे शहर एका किल्ल्याभोवती दाटलेले नव्हते. अनेक गावे एकमेकांना जोडत ते पसरले होते आणि मधूनमधून तळी, शेते आणि बागा होत्या.

उत्तर मद्रासमध्ये पेरंबूर परिसरात बकिंगहॅम आणि कर्नाटिक या कापड गिरण्या होत्या. भारतातील संघटित कामगार चळवळीच्या इतिहासात या गिरण्यांना महत्त्वाचे स्थान आहे. २७ एप्रिल १९१८ रोजी येथील कामगारांच्या बळावर मद्रास लेबर युनियनची स्थापना झाली, आणि बी. पी. वाडिया हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. या संघटनेच्या आरंभीच्या गाऱ्हाण्यांत जेवणाच्या अपुऱ्या सुटीचा प्रश्न प्रमुख होता. म्हणजे मजुरीइतकाच मिनिटांचा हिशेब येथे कळीचा होता. गिरणीच्या दारात पाच मिनिटे उशिरा पोहोचणे म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच सायकलीचे मोल कळते. पायी चालणारा माणूस तासात पाच किलोमीटर जातो. त्याच श्रमात सायकलस्वार पंधरा किलोमीटर जातो. ज्याला कामावर जाण्यासाठी तासाभराहून अधिक वेळ देणे शक्य नाही, त्याच्यासाठी सायकल घराच्या निवडीचे क्षेत्र कितीतरी पटींनी वाढवते. गिरणीजवळ महाग खोली घ्यावी की दूरच्या वस्तीत स्वस्त झोपडे उभारावे, या प्रश्नाचे उत्तर अनेकांना सायकलीने दिले.

स्वातंत्र्यानंतर उद्योगांचा विस्तार शहराच्या बाहेरच्या कडांवर झाला. पेरंबूरला रेल्वे डबे तयार करणारा इंटिग्रल कोच कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी मद्रासमध्ये एन्फील्ड मोटारसायकलींची जुळणी सुरू झाली आणि तिरुवोट्टियूरचा कारखाना पुढे त्या नावाशी कायमचा जोडला गेला. गिंडीची औद्योगिक वसाहत १९५८ मध्ये आणि अंबत्तूरची वसाहत त्यानंतरच्या दशकात उभी राहिली. कारखाने आले, पण कामगारांची घरे त्यांच्यामागे लगेच आली नाहीत. बस अपुऱ्या होत्या. १९३१ पासून समुद्रकिनारा ते तांबरम अशी विजेवर चालणारी उपनगरी गाडी होती, तथापि स्थानकापासून घर आणि स्थानकापासून कारखाना ही दोन टोके उरतच. ती सायकलीने भरून काढली. उपनगरी स्थानकांबाहेरची सायकलतळाची शेड आणि तेथे हाती पडणारा क्रमांकाचा बिल्ला हा त्या पिढीच्या दिनक्रमाचा अविभाज्य भाग होता.

पुण्याशी तुलना केली असता साम्य आणि भेद दोन्ही दिसतात. खडकीचा दारूगोळा कारखाना, पिंपरीचा १९५४ मधील पेनिसिलीनचा कारखाना आणि पुढे चिंचवड-आकुर्डीच्या पट्ट्यात आलेले वाहन उद्योग यांनी पुण्याच्या पेठांतून सकाळी निघणाऱ्या सायकलींचा लोंढा निर्माण केला. ‘सायकलींचे शहर’ हे बिरुद पुण्याला मिळाले ते केवळ कॉलेजकुमारांमुळे आणि पेन्शनरांमुळे नव्हे. मात्र पुण्यात सायकल ही मध्यमवर्गाच्या साधेपणाची खूण म्हणून साहित्यात आणि विनोदात अमर झाली. मद्रासमध्ये ती प्राधान्याने श्रमिकाची राहिली, आणि म्हणूनच तिच्याभोवती तशा प्रकारचा स्मरणरंजनाचा थर साचला नाही.

४.

सायकलवरच्या दैनंदिन प्रवासातील सुखदुःखे कोणत्याही दप्तरात नोंदलेली नसतात. तरीही शहराचा भूगोल आणि हवामान यांवरून त्यांची बरीचशी मांडणी करता येते.

मद्रास समुद्रसपाटीपासून अवघ्या काही मीटर उंचीवर वसलेले आहे. सेंट थॉमस माउंटसारखी एखादी टेकडी सोडली तर चढ असा नाही. पण येथील सायकलस्वाराची झुंज वाऱ्याशी आहे. उन्हाळ्याच्या सकाळी वारा बहुधा पश्चिमेकडून, जमिनीवरून येतो. दुपारनंतर तो पालटतो आणि समुद्रावरून खारा वारा सुटतो. पूर्वेकडील वस्तीत राहून पश्चिमेस अंबत्तूरच्या कारखान्यात जाणाऱ्या कामगाराला सकाळी जाताना वारा समोरून, आणि दमून परतताना पुन्हा समोरूनच. घरी बसलेल्यांना जो समुद्रवारा मे महिन्यातील वरदान वाटतो, तोच या माणसाच्या वाटेतील चढ असतो. त्यातही मे महिन्यातील ‘अग्निनक्षत्रा’चे, म्हणजेच ‘कत्तिरी’चे सुमारे तीन आठवडे असे असतात की डांबर मऊ होते, ट्यूबमधली हवा फुगते आणि जुन्या टायरला धडकी भरते.

पावसाचा हिशेबही मराठी मुलखाहून निराळा आहे. येथे मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. सपाटपणाची किंमत तेव्हा मोजावी लागते, कारण पाण्याला वाहून जायला उतार नसतो. माणसाने खोदलेले उतार तेवढे असतात. रेल्वेरुळांखालून जाणारे भुयारी रस्ते हे ते उतार होत. त्यागरायनगर आणि पश्चिम माम्बलम यांना जोडणारा दुरैसामी भुयारी मार्ग, एग्मोरजवळचा गेंगु रेड्डी मार्ग, उत्तरेकडील व्यासर्पाडीचा मार्ग ही नावे दर पावसाळ्यात वृत्तपत्रांत येतात. कोरड्या दिवशी या उतारावर पायडल न मारता वेग मिळतो आणि लगेच पलीकडच्या चढावर तो व्याजासकट परत द्यावा लागतो. पावसात तेथे गुडघाभर पाणी असते. मग सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जाणे हाच मार्ग. मोटारीला ही सोय नाही. डिसेंबर २०१५ च्या महापुरात शहरातील वाहने ठिकठिकाणी बंद पडली, तेव्हा उचलून नेता येणारे वाहन कोणते याचा प्रत्यय पुन्हा आला.

यंत्राची आजारपणे वेगळी. पंक्चर हा त्यातला सर्वांत वारंवार येणारा प्रसंग. रस्त्याच्या कडेला झाडाखाली बसणारा दुरुस्तीवाला, त्याच्यापुढची पाण्याची घमेली, तीत बुडवलेल्या ट्यूबमधून उठणारे बुडबुडे, काचपेपरने घासलेली जागा, सोल्यूशनचा वास आणि वर चिकटवलेले ठिगळ हे दृश्य पुण्यात आणि मद्रासमध्ये सारखेच होते. चाकाचा आऊट काढणे, चेन घट्ट करणे, फ्रीव्हील बदलणे, वर्षातून एकदा ओव्हरहॉलिंग करणे हे खर्च महिन्याच्या पगारातून काढावे लागत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की पंक्चरला लागणारे पैसे थोडे असत, पण त्यात जाणारी पंधरा मिनिटे महाग असत. कारखान्याच्या दारावरचा पहारेकरी खिळ्याचे कारण ऐकून घेत नसे. अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली की एका खिळ्याचा खर्च अनेक पटींनी वाढे.

कायद्याचा जाचही होता. रात्री दिव्यावाचून सायकल चालवणे आणि मागे दुसऱ्याला बसवणे, म्हणजे मराठीतले ‘डबलसीट’ आणि मद्रासमधले ‘डबल्स’, या दोन्ही अपराधांची आठवण दोन्ही शहरांतल्या जुन्या पिढीला आहे. तेलाच्या दिव्यानंतर डायनामो आला. टायरला घासून वीज निर्माण करणारे हे साधन पायांवर आणखी भार टाकी आणि सायकल थांबताच विझून जाई. तिसऱ्या पाळीवरून परतणाऱ्या कामगाराला चौकात पोलीस दिसताच खाली उतरून सायकल हातात धरून चालावे लागे. वाहन आपले, रस्ता सार्वजनिक, आणि तरीही चालणारा अपराध्यासारखा, हा अनुभव केवळ वाहतुकीच्या नियमांचा नव्हे, सामाजिक स्थानाचाही होता.

५.

या सर्व विवेचनात सायकलस्वार पुरुष गृहीत धरला गेला आहे, आणि दीर्घकाळ वस्तुस्थिती बहुतांशी तशीच होती. सायकल शिकण्याचा विधीसुद्धा मुलाचाच असे. मोठ्या माणसाच्या सायकलीच्या दांड्याखालून त्रिकोणात पाय घालून चालवण्याच्या पद्धतीला तमिळमध्ये ‘कुरंगु पेडल’, म्हणजे माकड-पायडल, म्हणतात.

या गृहीताला सर्वांत मोठा धक्का बसला तो मद्रासमध्ये नव्हे, तर दक्षिणेकडील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात. १९९० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तेथे ‘अरिवोळि इयक्कम’ ही साक्षरता मोहीम चालली. तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी साक्षरतेबरोबर सायकल शिकण्याला मोहिमेचा भाग केले. शेतमजूर, दगडखाणीतल्या कामकरी, अंगणवाडी सेविका आणि शिक्षिका अशा ग्रामीण स्त्रिया मोठ्या संख्येने सायकल शिकल्या. पी. साईनाथ यांनी या घटनेचे वृत्तांकन केले. पुढे ते त्यांच्या १९९६ मधील ग्रंथातही आले. बायकांच्या सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा स्त्रियांनी दांडा असलेल्या पुरुषी सायकली घेतल्या, आणि त्या दांड्यावर मूल बसवता येते हा त्यांचा उपयोगही त्यांनी शोधून काढला. बस केव्हा येईल, नवरा वा भाऊ केव्हा सोडेल, या प्रतीक्षेतून सुटका हा यातला मुख्य लाभ होता. वेळेवरचा स्वतःचा अधिकार, जो १९१८ च्या गिरणी कामगाराला हवा होता, तोच येथे दुसऱ्या रूपात पुढे आला.

त्यानंतरच्या दशकात तमिळनाडू शासनाने उच्च माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना विनामूल्य सायकली देण्यास आरंभ केला. प्रथम अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थिनींना आणि मग व्यापक प्रमाणावर. २००६ नंतर बिहारमध्येही विद्यार्थिनींसाठी अशी योजना आली. सायकल ही शासनाने द्यावयाची वस्तू ठरली, याचा अर्थ तिचे महत्त्व मान्य झाले. पण त्याच काळात ती ‘ज्याला दुसरे काही परवडत नाही त्याचे वाहन’ ही ओळखही अधिक पक्की झाली, हे नाकारता येत नाही.

६.

या ओळखीची पाळेमुळे शहराच्या रस्त्यांतच सापडतात. १९७३ हे वर्ष या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. त्या वर्षी मद्रासमधला पहिला उड्डाणपूल, अण्णा उड्डाणपूल, लोकांच्या भाषेत जेमिनी पूल, वाहतुकीस खुला झाला. त्याच सुमारास माणसाने ओढण्याच्या रिक्षा बंद करून त्या चालकांना सायकलरिक्षा देण्याचा निर्णय तमिळनाडू शासनाने घेतला. एकाच काळात सायकल ही मुक्तीचे साधन ठरत होती आणि रस्ता मात्र तिच्यासाठी चढाचा होत होता. मोटारीला थांबावे लागू नये म्हणून पूल बांधला जातो. त्याचा चढ चढण्याचे श्रम मात्र इंजिन नसलेल्याच्या वाट्याला येतात. २००८ मध्ये कत्तिपाराचा बहुपदरी पूल झाला तेव्हा सायकलस्वाराला तेथून पलीकडे कसे जावे हेच कळेनासे झाले.

१९८० नंतर मोपेड आणि हलक्या मोटारसायकली आल्या. १९९६ मध्ये बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्या बंद पडल्या. नोकऱ्या दक्षिणेकडील माहिती तंत्रज्ञानाच्या मार्गावर आणि श्रीपेरुंबुदूरच्या वाहन कारखान्यांत गेल्या. अंतरे वीस-तीस किलोमीटरची झाली, कंपनीच्या बस आल्या. येथे एक विरोधाभास नमूद करावासा वाटतो. आकुर्डीत स्कूटर आणि तिरुवोट्टियूरला मोटारसायकल तयार करणाऱ्या कामगारांच्या पहिल्या पिढीतील अनेकांचे स्वतःचे वाहन सायकल हेच होते. ज्या वाहनाने सायकलीला रस्त्याच्या कडेला ढकलले, ते सायकलवर आलेल्या हातांनीच घडवले.

तथापि सायकल संपली असे म्हणणे चुकीचे ठरेल. २०११ च्या जनगणनेत शेतीबाहेर काम करणाऱ्यांच्या कामावर जाण्याच्या साधनाची नोंद घेण्यात आली. देशभरातील अशा कामकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के सायकलने जाणारे होते. आजही चेन्नईत पहाटे पहारेकरी, उपाहारगृहातले आचारी, सफाई कामगार, इमारतींच्या बांधकामावर आलेले उत्तरेकडचे आणि ईशान्येकडचे मजूर सायकलीवरून जाताना दिसतात. शनिवार-रविवारी पूर्व किनारा मार्गावर शिरस्त्राण आणि गिअर असलेल्या महागड्या सायकलींचे जथेही दिसतात. दोघांच्या वाहनाचे नाव एकच आहे. पण एकाला ते व्यायाम देते आणि दुसऱ्याला पगार.

चेन्नई महानगरपालिकेने २०१४ मध्ये मोटारविरहित वाहतुकीचे धोरण स्वीकारले. असे धोरण घेणारी ती देशातील आरंभीच्या महानगरपालिकांपैकी एक होय. २०१९ मध्ये भाड्याच्या सार्वजनिक सायकलींचा उपक्रम सुरू झाला. पुण्यातही २००६ नंतर केंद्राच्या नागरी पुनरुत्थान योजनेतून सायकलमार्ग बांधले गेले आणि २०१७ मध्ये व्यापक सायकल आराखडा मंजूर झाला. या मार्गांवर पुढे वाहने उभी राहिली आणि टपऱ्या लागल्या, हा अनुभव दोन्ही शहरांचा आहे. पण त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की हे आराखडे कोणाला नजरेसमोर ठेवून आखले जातात. पहाटे पाचला निघणाऱ्या पहारेकऱ्याचा मार्ग माहीत नसेल, तर त्याच्यासाठी मार्ग आखणार कसा? इतिहासातील मौन येथे नियोजनातील मौन होते.

७.

साहित्य आणि चित्रपट यांनी हे मौन काही प्रमाणात भरून काढले आहे. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८ च्या ‘बायसिकल थीव्ह्ज’ या चित्रपटात सायकल गेली की नोकरी जाते, आणि नोकरी गेली की माणसाची मुलासमोरची मान जाते, हे समीकरण जगासमोर आले. मराठीत प्रकाश कुंटे यांचा ‘सायकल’ (२०१८) आणि तमिळमध्ये रासी अळगप्पन यांच्या कथेवरचा ‘कुरंगु पेडल’ (२०२४) हे चित्रपट आले. दोन्ही गतकाळात जातात. एकात चोरीला गेलेल्या सायकलीच्या मालकाचे मन आहे, दुसऱ्यात सायकल शिकणाऱ्या मुलाचे. दोन्हींमध्ये निरागसता आहे, पण कारखान्याच्या दाराशी वेळेत पोहोचण्याची धडपड दोन्हींच्या कक्षेबाहेर राहते. सायकल बालपणाची झाली की ती आठवण होते. ती नोकरीची राहिली तर प्रश्न होते. आपल्या अभिव्यक्तीने बहुधा पहिला पर्याय निवडला आहे.

या प्रश्नाचा अभ्यास करण्याची साधने अजून पूर्णपणे लोपलेली नाहीत. स्थानकाबाहेरचे सायकलतळ चालवणारे, झाडाखालचे दुरुस्तीवाले, निवृत्त झालेले कोच कारखान्यातील आणि अंबत्तूरमधील कामगार, पुदुक्कोट्टैच्या त्या स्त्रिया, पिंपरी-चिंचवडमधील त्यांचे समकालीन यांच्या मौखिक साक्षी गोळा करता येतील. कारखान्यांच्या हजेरीपटांतील उशिराच्या नोंदी, सायकलीसाठी घेतलेल्या कर्जाचे पतपेढ्यांतील दाखले, नगरपालिकांच्या सायकलकराचे पितळी बिल्ले हीसुद्धा इतिहासाची साधने आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकलींचे संग्रहालय आहे. तेथे वस्तू जतन झाल्या आहेत. त्या वस्तूंवर बसून जे कामावर गेले, त्यांच्या वाटा जतन होणे बाकी आहे.

पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्यांनी आपण कोठून निघालो आणि कोठे पोहोचलो हे लिहून ठेवले. पेरंबूरहून अंबत्तूरला जाणाऱ्याने ते लिहिले नाही, कारण संध्याकाळी तो निघाला तेथेच परत येत होता आणि दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा निघायचे होते. त्याला लिहिण्याची उसंत मिळाली नाही. ही साक्ष देऊ शकणारी पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. तिच्याकडून ती लिहून घेण्याचे काम मराठी आणि तमिळ अशा दोन्ही भाषांतील अभ्यासकांनी मिळून हाती घेणे आवश्यक आहे, आणि त्यासाठी हाती असलेला अवधी फार नाही.